हैरखानाला वाहिलेला आरसा

गोंचिगच्या फुर्गोन गाडीला दोन आरसे होते आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगत असे. बाकी गाडी म्हणजे नुसता खुळखुळा. मागचं दार दोरीने बांधलेलं, खिडकीच्या काचेला चिकटपट्ट्या, हॉर्न सोडून सगळं वाजतं. पण आरसे दोन्ही शाबूत! त्यातला एक आज डोंगराला जायचा आहे असं कुणी सकाळी त्याच्या कानात सांगितलं असतं, तर गोंचिगने गाडी चालूच केली नसती.

शेजारी दारीमा मांडीवर अँटेना घेऊन बसली होती. खड्डा आला की ती अँटेना पोरासारखी छातीशी धरायची आणि स्वतःचं डोकं खुशाल टपावर आपटू द्यायची.

"ताई, जरा टेकून बसा. डोकं फुटलं तर पक्षी कोण शोधणार?" गोंचिग म्हणाला.

"डोकं फुटलं तर टाके घालता येतात, गोंचिगदादा. ही तुटली तर उद्याच्या सभेत मी काय दाखवू? टाके?"

दारीमा जिल्ह्याच्या पक्षी केंद्रात होती. करकोच्यांच्या पाठीवर काडेपेटीएवढं यंत्र बांधायचं आणि ते कुठे जातात, कुठे चरतात ते बघायचं, हे तिचं काम. यंत्राला वर उन्हावर चालणारी इवलीशी पट्टी असते. पक्षी जिथे जाईल ती जागा ते आत साठवून ठेवतं. मोबाइलचा मनोरा जवळ आला किंवा कुणी अशी अँटेना घेऊन खाली उभं राहिलं की तारेशिवाय, हवेतूनच, साठवलेलं सगळं भडाभडा ओकून टाकतं. मात्र पोटात ऊन असलं पाहिजे. ऊन संपलं की झोपलं.

गेल्या उन्हाळ्यात तिने एका पिल्लाच्या पाठीवर असं यंत्र बांधलं होतं. पिल्लू मांडीवर होतं, त्याचं काळीज तिच्या तळव्याखाली धडधडत होतं आणि आईबाप दूर गवतात उभे राहून बोंबलत होते. ते पिल्लू बर्फाचे डोंगर ओलांडून दक्षिणेच्या गरम मुलखात गेलं, तिथे हिवाळा काढला आणि वसंतात परत आलं. जिल्ह्याच्या गावावरून गेलं तेव्हा मनोऱ्याला तसं सांगून गेलं. मग खोऱ्यात शिरलं. खोऱ्यात मनोरा नाही. त्यानंतर अवाक्षर नाही.

यंदा उन्हाळ्यात खोऱ्यात करकोचे मरून पडलेले सापडायला लागले.

दारीमाला संशय होता गव्हाच्या फार्मचा. यंदा कुरणात उंदरांनी उच्छाद मांडला होता. जमीन चाळणीसारखी भोकाभोकांची झालेली, गवत मुळापासून कुरतडलेलं. फार्मने आपल्या शेताच्या कडेने विष लावलेला, लाल रंगवलेला गहू टाकला होता आणि आता तोच गहू सगळ्या खोऱ्यात टाकायचा प्रस्ताव उद्याच्या सभेत यायचा होता. गुराखी खूश होते. का नसतील? हिवाळ्यात मेंढरांना काय दगड चारायचे? पण करकोचे नेमके आताच, दक्षिणेला निघण्याआधी, खोऱ्यात हजारांनी गोळा होतात आणि दाणा दिसला की टिपतात.

गेल्या सभेत ती हे बोलली तेव्हा फार्मचा मॅनेजर हसला होता. "बाई, पक्ष्याच्या पाठीवर तुम्ही दप्तर बांधता. तो मरणार नाही तर काय शाळेत जाणार? आमचा दाणा उंदराच्या बिळात जातो. पक्ष्याने खाल्ला याचा पुरावा आणा, नाहीतर तुमचं दप्तर आवरा."

लोक हसले होते. दारीमाही कसनुसं हसली. पण ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. खरंच आपल्याच हाताने मेला असेल का तो?

आणि परवा तिला फेसबुकवर तो फोटो दिसला. कुणाच्या तरी पुतण्याने टाकलेला, खोऱ्यातल्या डोंगरावरच्या पूजेचा. नवे कोरे अंगरखे घातलेली माणसं, मागे ओवो, म्हणजे डोंगराला वाहिलेल्या दगडांची रास, तिच्यावर निळ्या रेशमाच्या पट्ट्या. आणि एका पट्टीखालून डोकावणारं काळं काहीतरी. दुसऱ्या कुणाला तो दगड वाटला असता. दारीमाने स्वतः बांधलेली गाठ ओळखली.

लुव्सान म्हाताऱ्याचा गेर त्या डोंगराच्या पायथ्याशी होता. पांढऱ्या नमद्याचा गोल तंबू, एकटाच. गाडी थांबली तशी दारीमाने रीतीप्रमाणे आरोळी ठोकली, "कुत्री धरा हो!"

काहीच नाही. भुंकणं नाही, धावून येणं नाही. गोंचिगने एक पाय बाहेर काढून पुन्हा आत घेतला. न भुंकणाऱ्या कुत्र्याला तो जास्त भीत असे.

दारातून लुव्सानची बायको त्सेवेल बाहेर आली. "या, या. कुत्री नाहीत."

"मेंढरांमागे गेलीत?"

"नाहीत. म्हातारी झाली होती," असं म्हणून ती चहा टाकायला आत वळली.

लुव्सानने तपकिरीची कुपी पुढे केली, दारीमाने दोन्ही हातांनी घेतली, हुंगली, परत दिली. गवत कसं आहे, मेंढरं धष्टपुष्ट आहेत ना, वाटेत नदीला पाणी किती होतं, हे सगळं यथासांग झालं. खारट दुधाचा चहा झाला, वाळल्या दह्याचे खडे चघळून झाले. मग तिने, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ‘गुआई’ म्हणत, विषय काढला.

"लुव्सान गुआई, तुमच्या ओवोवर एक काळं यंत्र आहे. ते माझं आहे."

"होतं," म्हातारा म्हणाला. "आता हैरखानाचं आहे."

त्या डोंगराला त्याच्या पायथ्याशी बसून कुणी नावाने हाक मारत नाही. हैरखान म्हणतात, लाडका मालक.

"मला फक्त ते घेऊन..."

"पोरी, तू कुठल्या मुलखातली?"

दारीमा इथलीच होती, दोन खोरी पलीकडची. ओवोवर वाहिलेलं काढत नाहीत हे तिला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं. आणि या डोंगरावर तर बाईने चढायचंच नाही. पायथ्यापर्यंत यायचं, हात जोडायचे, मागे फिरायचं. म्हणजे घेणं नाही आणि वर जाणंही नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

"काढू नका," ती म्हणाली. "जिथे आहे तिथेच राहू दे. मी खालून अँटेना धरते. ते बोललं तर बोललं. गोंचिगदादा फक्त वर जाऊन बघून येतील. चालेल?"

लुव्सानने चहाचा शेवटचा घोट घेतला. "बघायला काय, बघा."

गोंचिग वर गेला, सूर्याच्या दिशेने ओवोला तीन फेऱ्या मारल्या, तीन दगड टाकले आणि धापा टाकत खाली आला. "ताई, घोडं अडलं. उत्तरेच्या बाजूला आहे, दोन दगडांच्या खोबणीत. ऊन जन्मात पोचायचं नाही. मी मोबाइलची बॅटरी दाखवली त्याला."

"तेवढ्याने काय होतंय! तहानलेल्या उंटाला थुंकी पाजण्यातला प्रकार."

अँटेना मुकी होती. दारीमा पायथ्याशी ती धरून, फिरवून, झटकून दमली. मॅनेजरचं हसू आठवत होतं. उद्या हात हलवत सभेला जायचं? परवा खोरंभर लाल दाणे, आणि त्यावर उतरणारे थवे! नाही म्हणजे नाही. इथून ती रिकाम्या हाताने हलणार नव्हती, मग शेंडी तुटो वा पारंबी.

ती रागारागाने गेरमध्ये येऊन बसली. त्सेवेलने पुन्हा चहा ओतला. छताच्या गोल झरोक्यातून ऊन सरळ आत येत होतं आणि पेटीवरच्या आरशावर पडून समोरच्या नमद्यावर उजेडाचा तुकडा थरथरत होता. म्हातारीने पेटी जरा सरकवली, तुकडा उडी मारून थेट दारीमाच्या डोळ्यांत आला.

दारीमाने वाडगा खाली ठेवला.

"लुव्सान गुआई, काढायचं नाही हे कबूल. पण वाहायला तर हरकत नाही?"

"वाहायला हैरखानाची कधी हरकत असते?"

"आरसा वाहिला तर?"

"आरसा उत्तम. पूर्वी वाहायचे."

"आणि वाहण्याआधी कुणी तो थोडा वेळ हातात धरून उभं राहिलं, उन्हाकडे तोंड करून, आणि उजेड पडला एखाद्या खोबणीत..."

म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. "तू डोंगराशी वकिली करतेयस, पोरी."

"मोठा आरसा पाहिजे पण. जाड काचेचा," दारीमा म्हणाली आणि दाराबाहेर बघायला लागली. लुव्सानही बघायला लागला. त्सेवेलही.

"नाही!" गोंचिग म्हणाला. "अजिबात नाही! पेटीवरचा घ्या की! माझे दोन आहेत म्हणून काय... ताई, मला मागचं कसं दिसणार?"

"तुमच्या मागे कोण असतं, दादा? या गाडीला आजवर कुणी मागे टाकायचं राहिलंय का?"

गोंचिगने डोळे मिटून स्क्रू ड्रायव्हर शोधायला घेतला. एकेक स्क्रू काढताना तो डोंगराला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटत होता, की हे दान आहे, बळजबरीचं असलं तरी दान आहे, पुढे टायर पंक्चर झाले तर याची आठवण असू द्यावी.

आरसा निघाला. गोंचिग तो घेऊन चढायला लागणार, तोच त्सेवेल मध्ये आली. तिने आरसा त्याच्या हातातून घेतला आणि नवऱ्यापुढे धरला.

"त्याला कशाला? हैरखान आपला आहे. तू धर."

लुव्सान बायकोकडे बघत राहिला. दारीमाला वाटलं, म्हाताऱ्याला गुडघ्यांची काळजी पडली. "गोंचिगदादा धरतील हो, आजींनी उगाच..."

"तूच धर," त्सेवेल पुन्हा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात मागे फिरायला जागा नव्हती. लुव्सानने आरसा काखेत घेतला आणि वाट धरली. गोंचिग मागोमाग गेला.

दोघी पायथ्याशी गवतावर बसल्या. वर ओवोपाशी आरसा चमकला, उजेड दगडांवरून घसरला, हरवला, परत आला.

"डावीकडे!" दारीमा ओरडली. "खाली! अजून खाली!"

वरून गोंचिगचा आवाज आला, "बसला! पट्टीवर बसला!"

आता फक्त धरून ठेवायचं. पण सूर्य काय थांबतो? तो सरकणार, तसा आरसा कणाकणाने फिरवायचा. त्यात वारा. उजेड जरा हलला की दारीमा खालून हात हलवायची. बराच वेळ गेला. सावल्या लांबायला लागल्या.

"आजोबांचे हात लटलट कापताहेत!" गोंचिग वरून ओरडला. "मी धरतो म्हटलं तर देत नाहीत!"

त्सेवेल खालूनच म्हणाली, कुणालाच ऐकू जाणार नाही अशी, "धर, धर. सोडू नकोस."

आणि अँटेनेचा हिरवा दिवा लुकलुकला.

एकदा, दोनदा, मग सलग. दारीमाच्या मांडीवरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपके उमटायला लागले. वसंतातला ठिपका, नदीकाठचा, सरोवराचा, पुन्हा नदीकाठचा. उडतोय! रोज उडतोय, लांबलांब, भावंडांच्या बरोबरीने! पाठीवरच्या दप्तराने त्याचं काही अडलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. मी नाही मारलं त्याला. मी नाही.

"थांबू नका!" ती ओरडली. "येतंय!"

उन्हाळा आला. आता ठिपके फार्मकडे जातील म्हणून तिने नकाशा तिकडे सरकवला. ठिपके तिकडे गेलेच नाहीत. ते खोऱ्यातच राहिले, या डोंगराभोवती. मग एका जागी दाट झाले, सकाळी तिथे, दुपारी तिथे, चरण्याचे ठिपके. मग दोन दिवस ओढ्याकाठी, अगदी थोडं थोडं सरकत. मग एकच ठिपका, जागचा न हललेला.

दारीमाने चरण्याची जागा मोठी करून पाहिली. दगडी कुंपण. शेणाने लिंपलेला गोठा. कुणाचा तरी हिवाळी तळ. तिने मान वर करून ओढ्यापलीकडे पाहिलं. तेच कुंपण समोर उन्हात उभं होतं. या खोऱ्याच्या या टोकाला एकच घर होतं.

ती त्सेवेलकडे वळली. म्हातारी पडद्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"कुत्रीही तिथेच गेली," ती म्हणाली. "उंदीर खाल्ले असणार, मेलेले. धाकटं तर दोन वर्षांचंही नव्हतं. शेपट्या कापून उशाला ठेवल्या दोघांच्या, पुढच्या जन्मी माणूस व्हावीत म्हणून. आणि मी तुला सांगितलं, म्हातारी झाली होती."

दारीमा फार्मला पकडायला निघाली होती आणि हाती लागला ज्याच्या घरचा चहा प्यायली तो माणूस. हा नकाशा उद्या भिंतीवर लावला की खोरंभर लोक लुव्सानच्या कुंपणाकडे बोट दाखवणार. करकोचा मारणाऱ्याच्या घराला सात पिढ्या शाप, असं म्हणणारे लोक. नाही लावला, तर मॅनेजर हसणार आणि दाणे पडणार. तिला म्हाताऱ्याची दया आली आणि त्याचा संतापही आला. पण थवे? त्यांनी कुणाकडे बघावं? मग तिचं ठरलं. लावायचा. मात्र आधी त्याच्या तोंडावर सांगायचं, पाठीमागे नाही.

लुव्सान खाली आला तेव्हा त्याचे हात मोकळे होते. आरसा वाहून झाला होता. गोंचिग मागून लंगडत येत होता.

"बोललं?" लुव्सानने विचारलं.

"बोललं, गुआई. सगळं. मला उद्या ते दाखवावं लागेल."

म्हाताऱ्याने मान हलवली. दंड चोळत तो गेरमागे गेला आणि अर्धी भरलेली गोणी ओढत घेऊन आला. गोणीवर फार्मचा शिक्का होता. आत लाल रंगवलेला गहू.

"वसंतात फुकट वाटला त्यांनी. नमुना म्हणून. घराघरात. म्हणाले, बिळात घाला. भोकं एवढी की घालणार कुठेकुठे? मूठमूठ भिरकावला." त्याने गोणीचं तोंड पुन्हा बांधलं. "तुझा पक्षी मला ओढ्यावर सापडला. मान उचलत होता, पडत होता. मी जवळ बसलो तर पळालाही नाही. माणसांना सांगायची हिंमत झाली नाही, पोरी. म्हटलं, निदान हैरखानाला तरी सांगू. म्हणून ते वर नेऊन बांधलं."

"तुम्हाला ठाऊक होतं यातून काय निघणार," दारीमा म्हणाली. "तरी आरसा धरलात?"

"बायकोने सोडू दिला असता का?" लुव्सान म्हणाला आणि गोणी उचलून त्याने गोंचिगच्या गाडीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सभेला गाडी निघाली ती एका आरशाची. लुव्सान पुढे बसला आणि गोंचिगला वाटभर सांगत राहिला की मागे कुणीही नाही. त्सेवेल मागे गोणीवर हात ठेवून बसली होती.

सभेची खोली गच्च भरली होती. मॅनेजरने उंदरांची चित्रं दाखवली, गवत किती वाचेल ते सांगितलं. लोक माना डोलावत होते. मग त्याने दारीमाकडे पाहिलं. "बोला बाई. दप्तरातून काही निघालं का?"

दारीमा उठली. तिने नकाशा भिंतीवर लावला. ठिपके कुठून कुठे गेले, शेवटी कुठे चरले, ते एकेक करून सांगितलं. कुंपण ओळखून खोलीत कुजबुज सुरू झाली.

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "हा तर फार्मपासून घोड्यावर अर्ध्या दिवसाचा रस्ता. आमचा काय संबंध?"

तेव्हा लुव्सान उठला. त्याने गोणी टेबलावर ठेवली, शिक्का मॅनेजरकडे करून. तिच्याशेजारी कुत्र्यांचे दोन पट्टे ठेवले, लाल लोकरीचे, त्सेवेलने विणलेले.

"ते कुंपण माझं," तो म्हणाला. "दाणा तुमचा, टाकला मी. करकोचा मेला, ही दोन गेली. शाप लागायचा तो मला लागेल, मी हैरखानाशी बघून घेईन. पण अशी गोणी इथे प्रत्येकाच्या घरी आहे. मी एकट्यानेच टाकला का?"

मॅनेजर काहीतरी कागद चाळायला लागला.

मागच्या ओळीत एक तरणी बाई पोर मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याने तिचा हात धरला होता, तो तिने सोडवून घेतला आणि उभी राहिली.

"आमचंही कुत्रं उन्हाळ्यात गेलं," ती म्हणाली. "लोकांना आम्ही सांगितलं, म्हातारं झालं होतं." तिने टेबलावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "म्हातारं नव्हतं ते."

मग भिंतीजवळचा एक जण उठला. त्याच्यामागून आणखी एक.